वॉशिंग मशीनचा आवाज: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

आमचं फ्रंट लोड मशीन गेले दोन आठवडे स्पिनला लागलं की घरघरतं. कपडे जास्त होत असतील म्हणून रिकामं फिरवलं, तरी तेच. ज्यांनी घरीच उघडून कारण शोधलंय त्यांनी सविस्तर लिहा. आवाज कसा होता, नेमका केव्हा यायचा, काय सापडलं. निदान चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

*

आमचं नवं कोरं मशीन पहिल्याच स्पिनला धाडधाड करत जागेवरून सरकलं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट लावलेले असतात. आम्ही तीन काढले होते, चौथा राहून गेला होता. बोल्ट टाकून देऊ नका, घर बदलताना लागतात.

*

आधी पाय बघा. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबायचे, मशीन डुललं तर पाय कमीजास्त करायचे आणि लॉकनट (पाय जागेवर पक्का धरणारा नट) घट्ट आवळायचा. आमचा लॉकनट सैल होता, एवढंच.

*

आमच्याकडे खर्रऽ असा पत्रा घासल्यासारखा आवाज होता. प्लग काढून ड्रम हाताने सावकाश फिरवला तर दर फेरीला एकाच जागी अडखळायचा. ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या फटीत काहीतरी होतं. पाणी काढून टाकलं आणि हीटर सोडवला. मधला नट सैल करून बोल्ट आत ढकलला की रबर ढिलं होतं, मग हीटर हलवत हलवत बाहेर येतो. त्या भोकातून टॉर्च मारला तर ब्राची तार आणि एक नाणं दिसलं! लांब चिमट्याने काढलं. हीटर परत बसवताना रबर नीट बसलंय का ते पाहा, आमचं पहिल्यांदा ठिबकलं. तेव्हापासून असे कपडे जाळीच्या पिशवीतच टाकते.

*

फक्त पाणी बाहेर जाताना गुरगुर होत असेल तर पंप. खालचं झाकण उघडून फिल्टर काढा, पण आधी पसरट भांडं ठेवा, पाणी बरंच निघतं. आमच्या पंपाच्या पंख्यात केसांची पिन आणि धाग्यांचा गुंता होता.

*

टॉप लोडवाल्यांसाठी: स्पिन सुरू होताना टब बाजूला आपटत होता. चादर एका बाजूला गोळा झाली की असं होतंच, पण आमच्याकडे कपडे सारखे पसरूनही थांबेना. टब ज्या चार सस्पेन्शन रॉडवर लटकतो त्यातला एक ढिला पडला होता. चारही एकदम बदलले, कारण जुने आणि नवे एकत्र घातले तर टब तिरका राहतो.

*

मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना: तुमचं वर्णन थेट बेअरिंगचं (ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते गोळ्यांचं कडं) वाटतंय. मी आधी बेल्ट बदलला, मग शॉक अब्झॉर्बर. दोन्ही खर्च वाया गेले. खरी परीक्षा सोपी होती. प्लग काढा, मागचा पत्रा उघडा, बेल्ट उतरवा आणि ड्रम हाताने फिरवा. बेल्ट नसतानाही घरघर आली तर मोटर निर्दोष. मग ड्रमची कड धरून वर-खाली हलवा, खेळ (ढिलेपणा) जाणवला की बेअरिंग गेलंच. टबाच्या मागे मध्यापासून गंजाचा ओघळ असेल तर ऑइल सीलमधून (बेअरिंगकडे पाणी जाऊ न देणारं रबरी कडं) पाणी शिरलंय, म्हणून सील आणि बेअरिंग जोडीनेच बदलायचं. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. माझ्याकडे ६२०५ आणि ६२०६ होते. नवं ठोकताना बाहेरच्या कड्यावरच ठोका, आतल्या कड्यावर घाव बसला तर नवंही खराब होतं. आणि उघडण्याआधी टब स्क्रूचा आहे की कायमचा चिकटवलेला, हे नक्की पाहा.

*

मनापासून आभार! आज बेल्ट उतरवून पाहिलं. घरघर आहे, खेळ आहे, तपकिरी ओघळही आहे. टब सुदैवाने स्क्रूचा आहे. पण पुलीचा (बेल्ट ज्यावर बसतो त्या मागच्या चाकाचा) बोल्ट हलत नाही, तुम्ही कसा सोडवलात?

*

गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी लांब दांड्याच्या पान्याने सुटला. एक काळजी घ्या. पुली निघाल्यावर शाफ्ट (ड्रमचा दांडा) ठोकून बाहेर काढायच्या आधी तोच बोल्ट चार-पाच आटे परत लावा आणि त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून ठोका. नाहीतर शाफ्टचं तोंड पसरतं आणि मग तो बेअरिंगमधून निघतच नाही. वायरींचे फोटो आधी काढून ठेवा.