कॅनव्हावर केलेलं मुखपृष्ठ बाद? मग स्पर्धा नक्की कशाची?

चित्रकलाबाई_परळ
परीक्षककाकांच्या कालच्या पोस्टने डोकं उठलंय, म्हणून हा वेगळा धागा. वाचली नसेल त्यांच्यासाठी: काकांनी स्पर्धेसाठी शाळांच्या वार्षिकांकांची मुखपृष्ठं तपासली, कॅनव्हावर (तयार साच्यांवरून डिझाइन करायचं अ‍ॅप) केलेली सरसकट बाजूला ठेवली आणि वर लिहिलं, "ज्यात मुलांचा हात दिसत नाही ते मुखपृष्ठ नव्हे, लग्नपत्रिका."

काका, मी अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. आमचं यंदाचं मुखपृष्ठ आठवीतल्या मुलीने केलं. जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने घंटा देणाऱ्या शिपाईमामांचा फोटो काढला, मोबाइलवर. आधीच्या फोटोत अंकाचं नाव मामांच्या कपाळावर येत होतं. तिने त्यांना एक पायरी खाली उतरवलं, वर नुसती भिंत ठेवली, आणि नाव त्या भिंतीवर टाकलं. आतल्या लेखांची तीन शीर्षकं बाहेर द्यायची होती. तिसरं घंटेवर चढत होतं, तर तिने ते काढूनच टाकलं. संपादक असलेल्या मुलाशी त्यावरून तिचं कडाक्याचं भांडण झालं. हे सगळं ठरल्यावर कॅनव्हा उघडला, अक्षरं बसवायला. तुम्ही त्यात हात शोधताय. हात घंटेच्या दोरीवर होता हो!

मुखपृष्ठ तपासताना मी अंक जमिनीवर टाकते आणि उभ्याने बघते. नाव वाचता येतं का? नजर आधी कुठे जाते? हा अंक आमच्याच शाळेचा आहे हे कळतं, की नाव बदलून शेजारच्या शाळेलाही चालेल? खडू वापरला की माऊस, हा प्रश्न फार नंतरचा.

परीक्षककाका_गिरगाव
बाई, तुमची मुलगी हुशार आहे, मान्य. पण माझ्यासमोर जो गठ्ठा होता तो तुम्ही पाहिला नाहीत. निळे ढग, उडणारी पुस्तकं, पदवीची काळी टोपी घातलेलं गोरंगोमटं पोरगं. दोन शाळांच्या अंकांवर तेच पोरगं, एकीने फक्त डावीकडचं उजवीकडे केलेलं! यात मी काय तपासू? इंटरनेटचा वेग?

आमच्या घरी दिवाळीत चित्रकार दलाल आणि मुळगावकर दोघेही यायचे, म्हणजे दिवाळी अंकांवरची त्यांची मुखपृष्ठं. दलाल १९७१ साली गेले. आजही जुन्या गठ्ठ्यातून त्यांचं चित्र नाव न वाचता ओळखता येतं. कमल शेडगे अक्षरं काढायचे तर नाटकाचं नुसतं नाव बघून नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. हे टेम्प्लेटातून, म्हणजे तयार साच्यातून येत नाही. मुलांना पेन्सिल धरायला लावा.

प्रभादेवीचा_प्रिंटर
दोघांचंही चुकतंय. फाइल शेवटी माझ्या गाळ्यावर येते, तिथे या बसायला.

स्क्रीनवर झगमगणारा पोपटी आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाच्या रंगांतला असतो. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत छापला की शेवाळी होतो, आणि बाई फोनवर म्हणतात "तुमची शाई खराब आहे". ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके हवे तर फोटो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. येतो व्हॉट्सअॅपवरून चेपून आलेला. ब्लीड म्हणून, म्हणजे कापताना जायला, चित्र कडेला तीन मिलिमीटर जादा द्या सांगितलं, तर पांढरी पट्टी चिकटवून देतात. हातानं काढलेलं तर अजून वाईट, काका. पोरांनी जीव ओतून चित्र काढायचं आणि शिक्षकांनी ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो मारायचा, वर स्वतःच्या डोक्याची सावली. स्कॅनर नावाची वस्तू असते.

एवढं सगळं निस्तरून प्लेटला पाठवणार तोच फोन येतो, "अध्यक्षसाहेबांचा फोटो राहिला, तेवढा पुढे टाका."

दोन_पोरांची_आई
मुद्द्याला हात घातलात! गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या अंकावर प्रमुख पाहुणे रिबन कापताना. मुलं होती ना, ताट घेऊन, पाठमोरी. माझ्या लेकीची वेणी मुखपृष्ठावर आली, चेहरा नाही. घरी विचारते, "आई, यात मी कुठे आहे?" कॅनव्हा की पेन्सिल हे राहू द्या बाजूला, आधी ही कात्री काढा.

माजी_विद्यार्थी_आता_समितीवर
ताई, अंक कागदावर छापतात आणि कागद विकत मिळतो. जाहिराती कोण आणतं? अध्यक्ष. मी समितीवर आहे, पावतीपुस्तक घेऊन दुकानं मीच हिंडतो. देणगीदाराचा फोटो आत टाकला तर पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. बाहेर बसून तत्त्वं सांगायला काय जातं?

दोन_पोरांची_आई
वार्षिकांकाचे पैसे फीसोबत आमच्याकडून घेता ते कुठे जातात मग? त्या हिशोबाने माझाही फोटो टाका, रिबन मी घरून आणते.

माजी_विद्यार्थी_आता_समितीवर
ते पैसे पुरत नाहीत. हिशोब बघायला या, पण तुम्ही पालकसभेलाही येत नसाल.

दोन_पोरांची_आई
पालकसभा कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवता! विरारहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या बाईने यायचं कसं? आणि तुम्ही मला ओळखत नाही, तर "येत नसाल" कशाच्या जोरावर लिहिलंत?

चित्रकलाबाई_परळ
अहो, भांडण मुखपृष्ठाचं आहे. पण विषय निघालाच आहे तर सांगते, साहेबांचा फोटो म्हणून वाईट असं नाही. तो पोस्टाच्या तिकिटासारखा सरळ चिकटवतात म्हणून वाईट. साहेबांना मुलांच्यात बाकावर बसवा, एखादी मुलगी त्यांना काहीतरी दाखवतेय असा फोटो काढा. साहेब खूष, मुलांचे चेहरे समोर. आम्ही हे एकदा सुचवलं तर "बाकावर बसणं शोभत नाही" असा निरोप आला.

मीडिया_शिकवणारी_पवई
हाच स्वाध्याय इंग्लंडच्या ओसीआर बोर्डाच्या मीडिया स्टडीजच्या जुन्या अभ्यासक्रमात सरावाचं काम म्हणून होता. नव्या शालेय मासिकाचं पहिलं पान करायचं: विद्यार्थ्याचा मीडियम क्लोजअप (छातीपासून वरचा फोटो), मासिकाचं नाव, नीट मांडलेला मजकूर. डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पान मांडून करा असं स्पष्ट लिहिलेलं. मग विद्यार्थी मोठं काम करायचे आणि शेवटच्या मूल्यमापनात त्यांना विचारायचे, सरावाच्या कामापासून इथवर काय शिकलात? काका, परीक्षकाने नुसतं पान बघून निकाल लावण्यापेक्षा मुलाला "हे असं का केलंस" विचारलं, तर टेम्प्लेटवाला पहिल्याच प्रश्नाला पकडला जाईल.

परीक्षककाका_गिरगाव
इंग्लंड आलंच का! ताई, पवईत तुमच्याकडे लॅब असेल. इथे चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि तास गणिताला जातो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुलं बसतात ती दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून. इंटरमिजिएटला ए ग्रेड, सात गुण, आणि रंगपेटी माळ्यावर. त्यांना "हे असं का केलंस" विचारलं तर उत्तर येईल, "सरांनी सांगितलं म्हणून."

चित्रकलाबाई_परळ
येईल ना. माझ्याही वर्गात येतं. म्हणून तर विचारायचं. आणि रिकाम्या जागेचा राग तुम्ही चुकीच्या माणसांवर काढलात. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही तिथल्या मुलांनी कॅनव्हा नाही उघडायचा तर काय करायचं?

प्रभादेवीचा_प्रिंटर
अक्षरांचं राहिलं. कमल शेडगे सगळ्यांकडे जन्मत नाहीत. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, मोदक हे फॉन्ट फुकट मिळतात, देवनागरीसाठी नीट विचार करून केलेले. तरी शाळा इंग्रजीचा फॉन्ट निवडतात, मराठी त्यात नसतंच, कॉम्प्युटर मिळेल ते अक्षर घालतो. वर सावली, बाजूने सोनेरी कड. मोदक जाडजूड आहे, मोठ्या नावाला छान दिसतो, पण लेखांची शीर्षकं त्यात टाकलीत तर वेलांट्या बुजतील.

परीक्षककाका_गिरगाव
बरं. इतके जण तुटून पडलात म्हणून पुढच्या वर्षी "हस्तकौशल्य" हा रकाना काढून "मूळ काम" असा करतो. फोटो असो, चित्र असो, मुलांनी स्वतः केलेलं हवं. पाच मिनिटं मुलांशी बोलूनच गुण देईन. टोपीवाल्या गोऱ्या पोराला मात्र शून्य, तिथे मी हलणार नाही. बाई, याला माघार म्हणून मिरवू नका.

दोन_पोरांची_आई
आणि रिबिनीला?

परीक्षककाका_गिरगाव
उणे दहा.

माजी_विद्यार्थी_आता_समितीवर
उणे वीस द्या, माझं काय जातंय. फक्त यंदाच्या जाहिराती ताईंनी आणाव्यात. रविवारी सकाळी दादर स्टेशनबाहेर भेटा, पावतीपुस्तक देतो. भर दुपारी नाही, सकाळी दहाला.

दोन_पोरांची_आई
येते. पण मागच्या वर्षीचा हिशोबही घेऊन या.