पिकअपच्या मागून खटखट, शॉकअप आणि बुश बदलूनही जात नाही

कोपरखैरणेकर: धंद्याची गाडी आहे. मागून खटखट येते. शॉकअप नवे टाकले, पाट्यांचे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) रबरी बुश टाकले, मेकॅनिकने 'झालं काम' म्हणून चावी दिली. शीळफाट्याला पोचेपर्यंत पुन्हा तेच. पहाटे वाशी मार्केटला गाडी लावावीच लागते, रोज गॅरेज परवडत नाही. नेमकं काय बदलू ते लवकर सांगा.

दिघावाला: रिकामी वाजते की भरलेली? डावी बाजू की उजवी?

कोपरखैरणेकर: मागूनच म्हटलं ना. खड्ड्यात वाजते.

घोडबंदरकर: शॉकअपच. माझे नवे टाकलेले खराब निघाले होते, दुसरी जोडी टाकली आणि आवाज गेला. आमच्या घोडबंदर रोडला काहीच टिकत नाही. गायमुखला तर पावसाळ्यात गाडी घालायचीच भीती वाटते. पाट्यांना जळकं ऑइलही मारून घ्या.

पाटेवाला कळंबोली: ऑइल मारायला सांगू नका. रबरी बुशला लागलं की रबर फुगतं. आणि आधी रिकामी की भरलेली ते कळू द्या.

घोडबंदरकर: आम्ही वर्षानुवर्षं मारतोय, काही होत नाही.

ठाणे पूर्व: गाडी आठ वर्षांच्या वर असेल तर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी लागतं. त्याआधी कामं उरकून घ्या.

कोपरखैरणेकर: पासिंगचं विचारलेलं नाही. रिकामीच वाजते. माल भरला की गप्प, ठाण्याला उतरवून निघालो की सुरू.

दिघावाला: मग आधी फाळका (हौद्याचं मागचं दार) दोरीने घट्ट बांधून एक फेरी मारा. कडी ढिली असली तरी आवाज खालून आल्यासारखाच वाटतो.

पाटेवाला कळंबोली: हे आता कामाचं बोललात. भाराखाली गप्प म्हणजे बहुतेक शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी), नाहीतर हेल्पर पाटे (जास्त भार आला की कामाला येणारे जादा पाटे). गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा). एकाने हौद्यात उभं राहून हेलकावे द्यायचे, दुसऱ्याने बाजूने शॅकलवर तळहात ठेवायचा, बोटं फटीत घालायची नाहीत. खट हाताला लागते. बुश टाकताना नट कसे आवळले तेही विचारा. चाकं लटकत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवूनच. शिवाय पुढच्या हँगरपासून (चासीवरचा ब्रॅकेट, ज्यात पाट्याचं टोक बसतं) एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. फरक आला तर सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून एक्सल जागेवर ठेवणारा) तुटून एक्सल सरकलेला असू शकतो, मग गाडी रस्त्यावर काढू नका.

कोपरखैरणेकर: फाळका बांधला, फरक नाही. अंतर सारखं आहे. उजव्या शॅकलची वरची पिन हलताना हाताला लागते. बिलात बघितलं तर बुश फक्त खालचेच टाकलेत. वरचे टाकून भागेल का?

पाटेवाला कळंबोली: पिन बाहेर काढल्याशिवाय सांगता येणार नाही. पिनेला बोट फिरवा, खाच लागली तर पिन नवी. हँगरचं भोक लांबट झालं असेल तर नुसत्या बुशने भागणार नाही. आणि डावीकडचेही वरचे बुश त्याच वेळी टाका.