लांबीपेक्षा इंजिनाचा ऑइल संप आधी बघा

चार सिलिंडरच्या जुन्या गाडीत इनलाइन सिक्स (सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन) बसेल का, या प्रश्नावर बहुतेकांनी बॉनेटखालची लांबी मोजायला सांगितलंय. बरोबरच आहे, पण लांबीचं निभावता येतं. रेडिएटर थोडा पुढे सरकवून इंजिनावरचा पंखा काढायचा आणि इलेक्ट्रिक पंखा लावायचा. खरं घोडं अडतं ते संपपाशी, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यापाशी. त्याचा खोलगट भाग पुढे असेल आणि नेमका तिथेच गाडीचा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा) आडवा येत असेल, तर इंजिन खाली बसतच नाही. मग संप कापून वेल्डिंग करा, ऑइल ओढून घेणारी पिकअपची नळी बदला... म्हणून इंजिन घेण्याआधी गाडीखाली झोपून टेप लावा. कपडे खराब होतील, होऊ द्या.

दुसरं म्हणजे इंधन. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब साधारण ०.३ बार, तर बहुतेक पोर्ट इंजेक्शन (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत इंधन फवारणाऱ्या) इंजिनांना ३ बारच्या आसपास लागतो. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवल्या तर आगीला आमंत्रण. पंप, नळ्या, क्लिपा सगळं नवं घ्या आणि बहुतेक जुन्या इंजेक्शन सिस्टिमना टाकीकडे परतीची लाइनही लागते.

पुढचं वजन वाढणार, म्हणजे स्प्रिंग आणि ब्रेक ओघानेच आले. आणि दाता गाडीचं (जिच्यातून इंजिन घेताय तिचं) वायरिंग अर्धवट कापून आणू नका, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन पेटू न देणारी यंत्रणा), किल्ली हा सगळा संच एकत्रच उचला. मी एकदा किल्ली विसरलो होतो. इंजिन नुसतंच फिरत राहिलं, पेटलं नाही.

व्ही-सिक्सचा (तीन-तीन सिलिंडर V आकारात असलेल्या इंजिनाचा) विचार केलात का? आखूड असतं, बसवायला सोपं. पण इनलाइनचा तो गुळगुळीतपणा त्यात नाही.