डिफॉल्ट पत्ता १२७.०.०.१ ठेवू की ०.०.०.०?

गोगलगाय:
गो भाषेत छोटा वेब सर्व्हर लिहिलाय. आमच्या वाचनालयातले स्कॅन केलेले जुने दिवाळी अंक वाचनालयाच्याच वायफायवर दाखवतो, एवढंच. आता आणखी दोन वाचनालयांनी मागितलाय. तिथलं कुणी सेटिंगची फाईल उघडणार नाही, म्हणजे मी ठेवीन तेच कायमचं. सध्या पत्ता न देता नुसतं ':८०८०' लिहिलंय, त्यामुळे ०.०.०.० दिल्यासारखाच मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर लिसन करतो, म्हणजे नेटवर्कवरून येणारी विनंतीही घेतो. १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता पत्ता, केलं तर काउंटरवरच्या दुसऱ्या पीसीवर उघडणार नाही आणि फोन मलाच येणार.

रात्रपाळी:
१२७.०.०.१ च करा, येऊ दे फोन. मोंगोडीबी या डेटाबेसनेही २०१७ मध्ये, ३.६ आवृत्तीपासून, डिफॉल्ट लोकलहोस्टच (म्हणजे १२७.०.०.१) केला. त्याआधी बिनपासवर्डचे कितीतरी डेटाबेस खंडणीवाल्यांनी पुसले होते.
मी स्वतः पोळलोय. यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट सोडून सगळं बंद, म्हणून निवांत होतो. पण डॉकरला (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) '-पी ८०८०:८०८०' दिलं, म्हणजे डब्यातला पोर्ट बाहेर उघडला, की तो आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ नेटवर्क नियमांत) घालतो, यूएफडब्ल्यूला विचारतसुद्धा नाही. तीन आठवड्यांनी लॉग उघडला तर कोण कुठले लोक वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधतायत. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच! आता '-पी १२७.०.०.१:८०८०:८०८०' लिहितो.

तिखटमिसळ:
फक्त कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर बाइंड करू नका (म्हणजे त्या पत्त्यावर लिसन करायला लावू नका), बाहेरून पोचताच येणार नाही. आत ०.०.०.०, आवळायचं ते '-पी' मध्ये.
पण पत्त्याचं सोडा, टाइमआउटचं, म्हणजे किती वेळाने कनेक्शन तोडायचं त्याचं, काय? गोच्या सर्व्हरला आपण दिला नाही तर एकही नसतो. कुणी हेडर (विनंतीच्या सुरुवातीच्या ओळी) एकेक अक्षर पाठवत बसला की ते कनेक्शन अडकलंच. रीडहेडरटाइमआउट ५ सेकंद, आयडलटाइमआउट (रिकाम्या कनेक्शनसाठी) ६० घाला. राइटटाइमआउट (उत्तर पाठवण्यासाठी) मात्र जपून. तो हेडर वाचून झाल्यापासून मोजतो, त्यात अख्खी फाईल जायला हवी. कोपऱ्यात बसलेल्या वाचकाला ४० एमबीचा अंक १० सेकंदांत मिळत नाही, मध्येच तुटतो.

गोगलगाय:
अरे देवा. राइटटाइमआउट १० च आहे, कुठूनतरी उचललेला. ग्रंथपाल काकू महिनाभर सांगतायत की जाडे अंक अर्ध्यावर थांबतात, आणि मी त्यांच्या राउटरला नावं ठेवतोय.
तो काढला. पत्ता १२७.०.०.१, आणि सुरू होताना स्क्रीनवर मराठीत एक ओळ: 'सध्या फक्त याच मशीनवर दिसेल, दुसऱ्या पीसीवर हवं असेल तर या मशीनचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता द्या.' काकूंना फोन करतो आता.