वर्तुळावर बेतलेली देवनागरी मराठीला हवी का?

अक्षरवेडा:
पाटी, ॲप, लग्नपत्रिका, जिकडेतिकडे वर्तुळावर बेतलेला पॉपिन्स फॉन्ट दिसतो आणि जाणकार नाकं मुरडतात. मला तो मनापासून आवडतो. जर्मन अक्षररचनाकार पाउल रेनर यांचा फ्युचुरा हा रोमन फॉन्ट १९२७ साली आला आणि कंपास-पट्टीतून निघाल्यासारखं अक्षर हेच उद्याचं रूप ठरलं. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या फलकावरही फ्युचुराच आहे. देवनागरीत मात्र बारीक ते जाड सगळ्या वजनांचं असं भौमितिक फॉन्टचं कुटुंब इंडियन टाइप फाउंड्रीने पॉपिन्समधून आणलं, ते २०१४ साली. मराठीने कायम बोरूच्याच वळणात का राहावं?

टाकबोरू:
कारण ते वळणच आपल्या लिपीचा सांगाडा आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून रेघ एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक. त्याच आधारावर डोळा घ-ध, भ-म वेगळे काढतो. सगळं एका जाडीचं केलंत की शिरोरेषा आणि काने मिळून ओळीचं कुंपण होतं. मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेलं पान वाचा, डोळा कुठे अडत नाही.

अक्षरवेडा:
घ आणि ध यांच्यातला फरक जाडीत नाहीच. तो शिरोरेषा तुटण्यात आणि डोक्यावरच्या गाठीत आहे, आणि तो पॉपिन्समध्येही आहे. शिवाय ‘एका जाडीचं’ हे डोळ्याला तसं वाटतं इतकंच. फ्युचुरामध्येही कमान दांड्याला मिळते तिथे रेघ बारीक केलेली आहे. पॉपिन्समध्येही सांध्यांवर रेघ हलकी केली आहे, नाहीतर तिथे शाईचा डाग दिसला असता.

रात्रपाळी:
मी पानं लावतो, म्हणून व्यवहाराचं सांगतो. मराठी ओळीत रोमन शब्द आला की दोन फॉन्टांच्या उंच्या जुळवताना जीव जातो. पॉपिन्समध्ये रोमनच्या उंच दांड्या देवनागरी अक्षराएवढ्याच ठेवल्यात, ओळ एकजीव दिसते. मात्र गोल अक्षर जागा खातं. एका कॉलमचा मथळा दोनाऐवजी तीन ओळींत जातो. आणि बारीक टायपात ती गाठ बुजते, मग ‘घर’ की ‘धर’ हे संदर्भावरून ओळखायचं. मजकुराला मी तो कधीच लावणार नाही.

टाकबोरू:
हेच म्हणतोय. पाटीला, मथळ्याला माझी हरकत नाही. पण पहिलीच्या पुस्तकात नको. तिथे मूल अक्षर गिरवतं. जाड-बारीक रेघेतून त्याला हात कुठे वळवायचा ते कळतं.

अक्षरवेडा:
आजचं मूल पेन्सिलीने गिरवतं. पेन्सिलीची रेघ एकाच जाडीची असते, मग पुस्तकातली तशी का नको?

टाकबोरू:
रेघ एकसारखी असेल, पण हात वर्तुळ काढत नाही. व चं पोट खाली येताना किंचित चेपतं. ती चेप फॉन्टमध्ये आणा, मग पहिलीच्या पुस्तकाचं बोलू.