अडीच गिगाबिटचं लॅन कार्ड : यातला ‘जी’ कुठला, ‘एमबी’ कुठला आणि ‘स्पीड’ नक्की कशाचा?

डेस्कटॉपला नवीन लॅन कार्ड (पीसी नेटवर्कच्या वायरीला जोडणारं कार्ड) घ्यायचंय म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत विचारून आले आणि कार्डापेक्षा शब्दांनीच जास्त गोंधळ झाला. माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं, लग्नं, मुंजी, गाण्याचे कार्यक्रम वगैरे. सगळं फुटेज नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, असतं आणि तिथून पीसीवर आणायला फार वेळ जातो, मदरबोर्डावरचं पोर्ट एक गिगाबिटचं आहे. एक दुकानदार म्हणाला २.५जी घ्या, दुसरा म्हणाला घ्यायचंच तर १०जी घ्या, आणि घरी सासरे म्हणतात मोबाइल ५जी झाले आणि तुला २.५जी काय विकतायत, जुना माल असणार. त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना.

दुसरं म्हणजे नेटवाला म्हणतो तुमचा १०० एमबीचा प्लॅन आहे, पण फाइल उतरताना ११-१२ एमबीच दिसतात. नॅसवरून कॉपी करताना ११० एमबी दिसतात, मग ते पोर्ट १००० चं कसं? हे शब्द मराठीत नीट कसे समजायचे आणि दुकानात नेमकं काय बोलायचं ते कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १

सासऱ्यांची शंका रास्त आहे, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात तीन वेगवेगळे ‘जी’ आलेत आणि तिघांचा उच्चार एकच. मोबाइलमधला जी म्हणजे जनरेशन, पिढी. ५जी म्हणजे पाचव्या पिढीचं मोबाइल नेटवर्क. घरच्या राउटरच्या वायफायच्या नावापुढे ५जी लिहिलेलं असतं तो गिगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओ लहरींची वारंवारता, त्याचा पाचव्या पिढीशी काही संबंध नाही. आणि कार्डावरचा जी म्हणजे गिगाबिट, दर सेकंदाला किती गिगाबिट जातील ते. म्हणजे २.५जी कार्ड हे ‘अडीचाव्या पिढीचं’ नाही, सेकंदाला अडीच गिगाबिट नेणारं आहे. आपल्याकडे २जी म्हटलं की जुना रखडत चालणारा मोबाइल डेटा आठवतो म्हणून तो आकडा ऐकायला बिचारा वाटतो.

आणि जुना माल तर अजिबात नाही. तांब्याच्या वायरीवरून एक गिगाबिट नेण्याचं मानक १९९९ चं, दहा गिगाबिटचं २००६ चं, आणि अडीच आणि पाच गिगाबिटचं मानक त्यानंतर, २०१६ साली आलं. म्हणजे अडीच हे दहापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. असं उलटं का झालं, तर जगभरच्या ऑफिसांच्या भिंतींत कॅट-फाइव्ह-ई या प्रतीची नेटवर्कची वायर आधीच घातलेली होती, दहा गिगाबिट पूर्ण शंभर मीटर न्यायचं तर तिच्याहून वरच्या प्रतीची कॅट-सिक्स-ए लागते, आणि इकडे वायफाय पसरवणारे नवे ॲक्सेस पॉइंट एक गिगाबिटच्या पुढे जायला लागले. भिंती फोडण्यापेक्षा त्याच वायरीवर चालेल अशी मधली पायरी काढली.

माझं मत विचाराल तर दुकानात ‘टू पॉइंट फाइव्ह जी’ न म्हणता सरळ ‘अडीच गिगाबिट’ म्हणावं. अडीचला स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहे, बोलायला सुटसुटीत आहे आणि पिढीचा घोळ आपोआप मिटतो.

प्रतिसाद २

एमबीचं सांगतो. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी छोटा बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहितात, फरक तेवढाच. देवनागरीत छोटी-मोठी अक्षरं नाहीतच, त्यामुळे आपण दोन्हीला ‘एमबी’ लिहितो आणि बोलताना तर इंग्रजीवाल्यांनाही फरक ऐकू येत नाही. नेटवाल्याचा १०० एमबी म्हणजे मेगाबिट आणि फाइल उतरताना दिसणारे १२ एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट, त्यामुळे १०० ला ८ ने भागा, साडेबारा. म्हणजे नेटवाला फसवत नाहीये, तुम्हाला प्लॅनप्रमाणेच मिळतंय.

तुमचं पोर्ट १००० मेगाबिटचं, भागिले आठ म्हणजे १२५ मेगाबाइट. त्यातला काही भाग पत्ते, तपासणीची माहिती, दोन पॅकेटमधलं (डेटाच्या तुकड्यांमधलं) अंतर यात जातो आणि फाइल कॉपीत हातात ११० ते ११८ पडतात. तुम्हाला ११० दिसतात म्हणजे तुमचं सध्याचं पोर्ट पूर्ण ताकदीने चालू आहे, त्यात काही बिघाड नाही. अडीच गिगाबिटचे हिशोबाने ३१२ होतात, हातात २८० च्या आसपास. दहा गिगाबिटचे १२५०.

ही दोन एककं राहिलीत कारण वायरीतून एकामागे एक बिटच जातात म्हणून नेटवर्कवाले बिटमध्ये मोजतात, आणि डिस्कवर फाइल बाइटमध्ये साठते म्हणून डिस्कवाले बाइटमध्ये. विंडोजचंच बघा, टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आलेख बिटमध्ये आणि कॉपी होताना येणारी खिडकी बाइटमध्ये, एकाच कामाचे दोन आकडे.

जाता जाता, बिट हा शब्द छापील स्वरूपात क्लॉड शॅननच्या १९४८ च्या निबंधात आला आणि त्याचं श्रेय त्याने जॉन ट्यूकीला दिलंय. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झने काढला आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदललं, नाहीतर एक अक्षर गळलं की बाइटचा बिट झाला असता. तेव्हा त्यांनाही हीच धास्ती होती. आपल्याकडे ‘बिट’ आणि ‘बाइट’ लिहिले तर स्पष्ट वेगळे दिसतात, गोंधळ फक्त आद्याक्षरांचा आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती, मराठीत लिहिताना एमबी लिहूच नका, मेगाबिट किंवा मेगाबाइट असं अख्खं लिहा.

प्रतिसाद ३

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण मूळ घोळ ‘स्पीड’ या शब्दात आहे असं मला वाटतं.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत गती, चाल आणि वेग असे तीन शब्द नीट वेगळे केलेले आहेत. कार्डावरचा स्पीड यातला एकही नाही. एक गिगाबिटच्या कार्डातून निघालेला सिग्नल आणि दहा गिगाबिटच्या कार्डातून निघालेला सिग्नल त्याच वायरीतून जवळजवळ सारख्याच वेगाने जातात, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश. दहावालं काही जास्त जोरात पळत नाही. फरक इतकाच की एका सेकंदात किती बिट पलीकडे जातात.

यासाठी आपल्या कानाला सवयीचा शब्द आहे, विसर्ग. दर पावसाळ्यात बातमी येते की खडकवासल्यातून मुठेत इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू केला. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. गिगाबिट प्रति सेकंद हे अगदी त्याच जातीचं एकक आहे. नदीचं पाणी किती जोरात धावतंय ते वेगळं आणि किती पाणी येतंय ते वेगळं, हे नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, त्यात पैसे जातात. कितीतरी पोरं गेमिंगसाठी अडीच गिगाबिटचं कार्ड घेतात आणि पिंग कमी होईल म्हणून वाट बघतात. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ, तो ठरतो सर्व्हर किती लांब आहे आणि मधे कुठे गर्दी आहे त्यावर. मुंबईतून सिंगापूरच्या सर्व्हरला जे मिलिसेकंद लागतात ते कार्ड बदलून कमी होत नाहीत. तसंच १०० मेगाबिटचा प्लॅन असेल तर इंटरनेट पण जसं आहे तसंच राहणार. ताईंचं काम मात्र वेगळं आहे, त्यांना घरातल्या घरात प्रचंड मोठ्या फाइली हलवायच्यात, तिथे हा खर्च खरोखर कामी येतो.

प्रतिसाद ४

विसर्ग म्हटलं की मला दुःख मधली दोन टिंबंच आठवतात. ‘बँडविड्थ’ सगळ्यांना कळतो की, तोच का नको? नाहीतर ‘वहनक्षमता’.

प्रतिसाद ३ कडून उत्तर

बँडविड्थ चालतो बोलण्यात, पण वायर घ्यायला गेलात की तो परत गोंधळात टाकतो, कारण मुळात बँडविड्थ हर्ट्झमध्ये मोजतात आणि वायरीच्या बाबतीत अजून तसंच मोजतात. कॅट-फाइव्ह-ई १०० मेगाहर्ट्झ, कॅट-सिक्स २५० मेगाहर्ट्झ, कॅट-सिक्स-ए ५०० मेगाहर्ट्झ. दुकानदार म्हणाला ‘ही अडीचशेची वायर आहे’ तर ते अडीचशे मेगाबिट नव्हेत. वहनक्षमता मला पसंत आहे. वायर आणि कार्ड यांची ती क्षमता, आणि प्रत्यक्ष जातंय तो विसर्ग.

प्रतिसाद ५

‘लॅन कार्ड’ बद्दल पण एक. काटेकोर बोलायचं तर इथरनेट कार्ड म्हणायला हवं, कारण लॅन म्हणजे नुसतं जवळपासचं नेटवर्क, ते वायफायचं पण असू शकतं. इथरनेट हे नाव १९७३ साली बॉब मेटकाफने दिलं, पूर्वी प्रकाश ज्यातून जातो असं मानत त्या ईथरवरून. पण दुकानात लॅन कार्ड हाच शब्द चालतो आणि चालू द्यावा, नवीन संस्कृत शब्द घडवून कोणाचं भलं होणार नाही. फक्त ‘गिगाबिट लॅन कार्ड द्या’ असं म्हणू नका, त्याचा अर्थ दुकानात सरळ एक गिगाबिट असा धरतात.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार, सासऱ्यांना तीन जी समजावले आणि त्यांना पटले. आता खरेदीचं सांगा. नॅसला मागे अडीच गिगाबिटचं पोर्ट आहे, आत दोन हार्ड डिस्क आहेत, एकीची कॉपी दुसरीवर अशा. भिंतीतून गेलेली वायर कॅट-फाइव्ह-ई, पंधरा-एक मीटर असेल. मधे राउटर आहे त्याची पोर्टं एक गिगाबिटची. बोर्डाच्या पुस्तकात रिकामा स्लॉट ‘एक्स-वन’ लिहिलाय. आणि चिप रिअलटेकची घ्यायची की इंटेलची यावरून दुकानात दोन मतं पडली.

प्रतिसाद १ कडून उत्तर

तुम्हाला अडीच गिगाबिटच पुरे, दहाच्या मागे लागू नका. कारण सांगतो, हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट देते. अडीच गिगाबिट त्या डिस्कला पूर्ण वाव देतं आणि दहा गिगाबिट घेतलं तरी डिस्क त्याहून जास्त देणारच नाही. २०० गिगाबाइट फुटेज आज तुम्हाला अर्धा तास घेत असेल, डिस्कने २०० दिले तर तेच सतरा मिनिटांच्या आसपास येईल. दहाचा विचार तेव्हा करायचा जेव्हा नॅसमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) किंवा चार-सहा डिस्क एकत्र जोडून चालवणारा रेड येईल.

राउटर मात्र आड येणार. विसर्ग सगळ्यात अरुंद ठिकाणी अडतो, कार्ड आणि नॅस दोन्ही अडीचचे आणि मधलं पोर्ट एकचं असेल तर हातात एकच येतं आणि मग माणूस कार्डाला दोष देतो. त्यामुळे पाच पोर्टचा अडीच गिगाबिटचा छोटा स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) कार्डासोबतच घ्या, पीसी आणि नॅस त्याला लावा आणि त्यातून एक वायर राउटरला द्या. नाहीतर नॅस आणि पीसी सरळ एका वायरीने जोडा, दोन्हीकडे हाताने आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्या यंत्राचा नंबर) द्यायचा, आणि बोर्डावरचं जुनं पोर्ट इंटरनेटसाठी राहू द्या. तेही छान चालतं.

एक्स-वन म्हणजे एक लेन, डेटा जायची एक मार्गिका. पीसीआय-एक्स्प्रेस हे या स्लॉटचं मानक, त्याच्या दुसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला ५०० मेगाबाइट नेते, तुम्हाला ३१२ लागतात, म्हणजे निवांत. दहा गिगाबिटला तो स्लॉट चौथ्या पिढीचा असेल तरच एका लेनमध्ये भागतं, तिसऱ्या पिढीची लेन ९८५ वरच थांबते. आणि स्लॉटची लांबी बघून लेन ठरवू नका, बऱ्याच बोर्डांवर लांबलचक स्लॉट असतो आणि आत जोडलेल्या लेन चारच किंवा एकच असतात, ते पुस्तकातच बघावं लागतं.

प्रतिसाद २ कडून उत्तर

चिपबद्दल : बाजारातली बहुतेक स्वस्त अडीच गिगाबिट कार्डं रिअलटेक ८१२५ वर आहेत, खोक्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो. विंडोजला आणि आताच्या लिनक्सला ती व्यवस्थित चालतात. इंटेलच्या आय-२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन पॅकेटमधल्या अंतराची गडबड होती आणि काही स्विचबरोबर डेटा गळायचा, म्हणून इंटेल घ्यायची तर आय-२२६ मागा. तुमच्या कामाला दोघींत मोठा फरक पडणार नाही, जी नीट बिलावर मिळेल ती घ्या.

‘सर्व्हर पुल’ म्हणून दहा गिगाबिटची जुनी कार्डं स्वस्तात दाखवतील, म्हणजे सर्व्हरमधून काढलेली. त्यातली बरीच आठ लेनची असतात, तुमच्या स्लॉटात बसणारच नाहीत, आणि ती सर्व्हरच्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनवलेली, साध्या कॅबिनेटमध्ये भयंकर तापतात. नको.

कॅट-फाइव्ह-ईवर अडीच गिगाबिट शंभर मीटरपर्यंत चालतं, पंधरा मीटरची काळजी नको. पण नवीन पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी वायर) घेताना ‘सीसीए’ लिहिलेली घेऊ नका, ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, वाकवली की तुटते आणि क्रिम्प (टोकाच्या प्लगची पकड) सैल होतो. ‘प्युअर कॉपर’ मागा. कार्ड बसवल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. २५०० आला पाहिजे. १००० आला तर पलीकडचं पोर्ट एकचं आहे किंवा वायर साथ देत नाही, आणि १०० आला तर वायरीतली एखादी जोडी तुटलीय हे जवळपास नक्की, कारण शंभरला दोनच जोड्या लागतात आणि गिगाबिटपासून पुढे चारही.

धागाकर्तीकडून

लक्षात आलं. माझं कॅबिनेट बारीक आहे, त्याने काही अडेल का?

प्रतिसाद २ कडून उत्तर

मग कार्डाच्या मागची धातूची पट्टी छोटी लागेल, ‘लो प्रोफाइल ब्रॅकेट’ म्हणून मागा, बहुतेक खोक्यांत लांब आणि छोटी दोन्ही पट्ट्या येतात पण दुकानातच खोकं उघडून बघा. आणि बिलावर नुसतं ‘लॅन कार्ड’ लिहून घेऊ नका, अडीच गिगाबिट, चिपचं नाव आणि नंबर असं लिहून घ्या. आत दुसरंच निघालं तर बदलून मागायला तेवढाच कागद कामाला येतो.