सिगार, लायटर अन् विमान: भलते सल्ले वाटणं थांबवा

महालकर:
काल एका भाऊंनी इथं टाकलं, "सिगार, कटर, जेट लायटर सगळं हँडबॅगेत टाका, मी अमेरिकेतून दोहामार्गे नागपूरले असाच येतो, कोणी विचारत नाही." वाचून डोकं सटकलं म्हणून लिहून राहिलो. भाऊ, जेट लायटर म्हणजे जोरात ज्योत मारणारा, तो अमेरिकेतही चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमधे. तिथं साधा डिस्पोजेबल लायटर जवळ ठेवता येतो, बस. अन् आपल्याकडून निघताना तर साधा लायटर नाही, माचिस नाही, दोन्ही बॅगांत नाही. सिगारला कोणाची ना नाही. सिगारचं टोक कापायच्या कटरला पातं असतं, तो चेक-इनमधे टाका अन् मोकळे व्हा. तुमच्या भरवशावर एखादा पोरगा सासऱ्यानं दिलेला भारीतला लायटर घेऊन निघेल, सिक्युरिटीवाला तो डब्यात टाकेल, मग तुम्ही भरून देणार का?

धरमपेठी_सिगार:
मीच तो भाऊ. मी माझा अनुभव लिहिला, कायद्याचं पुस्तक नाही लिहिलं. आणि मला सांगा, पॉवर बँक पेट घेते हे सगळ्यांना माहीत आहे, ती म्हणे केबिनमधेच ठेवा, अन् माचिस म्हणजे बॉम्ब? बाहेरच्या कितीतरी देशांत लायटर जवळ ठेवू देतात, तिथली विमानं काय पडून राहिली का? विडी-काडीनं कोणतं विमान पडलं ते सांगा आधी.

सोनेगावची_ताई:
पॉवर बँक केबिनमधे यासाठी की पेटली तर क्रूला दिसते, विझवता येते. खाली सामानात पेटली तर कोण जाणार विझवायला? आणि विमान विचारता ना, तर ब्राझीलच्या वरिग कंपनीचं फ्लाइट ८२०, जुलै १९७३, रिओहून पॅरिसला येत होतं. मागच्या टॉयलेटमधे आग लागली, पेटतं थोटूक कचऱ्यात पडलं असावं असा संशय, १३४ पैकी १२३ माणसं गेली. आजही टॉयलेटपाशी धूम्रपान बंदीची पाटी असते आणि तिथंच ॲशट्रेही असतो, तो उगाच नाही. एखादा दीडशहाणा ओढणारच, निदान थोटूक कागदाच्या डब्यात तरी टाकू नये.

धरमपेठी_सिगार:
तेव्हा विमानात ओढायची परवानगीच होती ताई! बंद लायटरचा संबंध काय? उगाच मढी उकरून भीती घालायची.

इतवारीवाला:
तुमचं मोठ्या लोकांचं चालू द्या. परदेशातून येताना ड्युटी न भरता २५ सिगार, नाहीतर १०० सिगारेटी, नाहीतर १२५ ग्रॅम तंबाखू. आता आमचा सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा कशात मोजायचा बे? सुपारी वजा करून? एकदा दिल्लीच्या फ्लाइटमधे बाजूचा सुटाबुटातला माणूस माझ्याकडे बघून नाक मुरडत होता, मी धूर तरी केला का?

सोनेगावची_ताई:
धूर नाही केला, पण थुंकले कुठं? माझ्या शेजारचे एक काका पुणे येईपर्यंत उलटीच्या पिशवीत पिचकाऱ्या मारत होते, आणि मधूनच मला विचारतात, "सँडविच खाणार नसाल तर मी घेऊ का?"

इतवारीवाला:
ताई, जबान सांभाळून. सगळे खर्रेवाले सारखे नसतात. मी गिळतो.

गोधनीचा_गणू:
गिळतो म्हणून सांगतो हा! माझ्या काकाचं तोंड आता दोन बोटंसुद्धा उघडत नाही. पोळी कुस्करून वरणात कालवून द्यावी लागते. खर्ऱ्यातल्या सुपारीनं झालं, तंबाखूचं तर वेगळंच. २०१२ पासून राज्यात गुटखा बंद, अन् चौकाचौकात पानठेल्यावर पन्नीवर खर्रा घोटणं चालूच.

इतवारीवाला:
माझे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते, दात पण होते.

गोधनीचा_गणू:
हौ, आजोबा तुमचे, अन् बिल आमच्या काकाचं. उद्या काकाला घेऊन येतो तुमच्या घरी, त्याच्यासमोर सांगा हे.

धरमपेठी_सिगार:
बघा, म्हणूनच मी सिगारवाला. आणि कायद्याची गंमत बघा, ई-सिगारेट २०१९ पासून आणायलाही बंदी अन् विकायलाही, सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मिळते. बरं महालकर, पोस्टमधून 'जेट' शब्द काढला. वाजवा टाळ्या. बाकी एक अक्षर बदलणार नाही.

महालकर:
लय उपकार झाले. आता 'लायटर' पण काढा.

वर्धा_रोडवाला:
भांडण झालं असेल तर कोणी कामाचं सांगेल का? जावई २५ सिगार घेऊन मे महिन्यात येऊन राहिला, नागपुरात ते टिकतील का?

धरमपेठी_सिगार:
उघडे ठेवले तर नाही. विमानातली हवाच कोरडी, वरून आपला ४५ चा पारा. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा धरणारं पाकीट टाका, साधारण ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. कूलरच्या समोर ठेवू नका, बुरशी येते. फार गरमीत तंबाखूतली किड्यांची अंडी फुटतात अन् सिगारला छिद्रं पडतात. एसीच्या खोलीत ठेवा.

इतवारीवाला:
वा. सिगारला एसी अन् आम्हाला नाक मुरडता.

महालकर:
खर्ऱ्यासाठी वेगळा धागा काढा ना भाऊ.

इतवारीवाला:
काढला असता, पण तिथं शिव्या घालायला तुम्हीच पयले येणार.